डिस्क इमेजिंगची रंगीत तालीम: बारा मशीनच्या आधी चार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, त्याचं ऑफिस आणि ऑफिसात बारा कॉम्प्युटर. ते सांभाळायचं काम माझ्याकडं. मागं एका मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकाउंट्सच्या मशीनची हार्डडिस्क टक-टक करायला लागली आणि दुपारपर्यंत गेली. मी निवांत होतो, कारण महिन्याभरापूर्वीच त्या मशीनची अख्खी इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत, एक्स्टर्नल डिस्कवर काढून ठेवली होती. नवी पेठेत जाऊन ४८० जीबीची एसएसडी आणली, बसवली, पेनड्राइव्हवरून बूट केलं, इमेज परत टाकायला घेतली, आणि सॉफ्टवेअरनं सरळ नकार दिला. जुनी डिस्क ५०० जीबीची, नवी ४८० ची. आत माल जेमतेम ८६ जीबी, पण नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान, म्हणून जमणार नाही.

मालक मागं उभे. "इमेज आहे म्हणला होता की ओ तुम्ही."

होतीच. फक्त परत टाकून कधी बघितली नव्हती. संध्याकाळी पुन्हा बाजारात जाऊन १ टीबीची डिस्क आणली, रात्री मशीन उभं राहिलं, पण जीएसटीच्या कामाचा एक दिवस गेला तो गेलाच. चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. तेव्हापासून कुठलंही इमेजिंग सॉफ्टवेअर सगळ्या मशीनवर न्यायच्या आधी मी चार मशीनवर रंगीत तालीम करतो. ती कशी करायची, ते इथं लिहितोय. छोटं ऑफिस, कॉलेजची लॅब, डीटीपीचं दुकान, कुणालाही चालेल.

आधी प्रश्न ठरवा, मग सॉफ्टवेअर

इमेज म्हणजे फायलींची कॉपी नव्हे. विंडोज, ड्रायव्हर, प्रिंटरच्या सेटिंग, टॅली, मराठी फाँट, शिवाय बूट होण्यासाठी लागणारी लपलेली पार्टिशनं (डिस्कचे भाग), हे सगळं जसंच्या तसं उचलून एका जागी बांधून ठेवणं म्हणजे इमेज. तिचे उपयोग दोन, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. बंद पडलेलं एक मशीन पुन्हा होतं तसं उभं करणं हा पहिला. तीस मशीन एकाच साच्यातून काढणं हा दुसरा. ऑफिसला पहिला लागतो, लॅबला दुसरा. दोन्हीची चाचणी वेगळी आणि बऱ्याचदा सॉफ्टवेअरही वेगळं.

कागदावर तीन ओळी लिहा. मशीन बंद पडल्यावर किती तासांत चालू व्हायला हवं? किती दिवसांचं काम गेलं तर चालेल? आणि हे करणार कोण? आमच्या ऑफिसचं उत्तर असं होतं: सकाळी बंद पडलं तर दुपारच्या गाडीचं बिल निघालं पाहिजे, टॅलीचा एकही दिवस जाता कामा नये, आणि मी गावात नसलो तरी काम झालं पाहिजे. तिसऱ्या ओळीनं पुढं माझी चांगली खोड मोडली, ते सांगतोच.

हे चाचणीच्या आधी लिहायचं. नंतर लिहिलं की जे जमलं तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं.

कुठली चार मशीन?

माणूस साहजिकच नवी, स्वच्छ, रिकामी मशीन निवडतो. तसं करू नका, त्यांच्यावर सगळंच चालतं. त्रास देणारी निवडा. मी घेतली ती अशी: डिस्पॅचचं जुनं डेस्कटॉप, फिरती हार्डडिस्क, जुन्या पद्धतीचं बायोस (मशीन चालू होताच पहिला चालणारा प्रोग्राम) आणि एमबीआर पार्टिशन (डिस्कचे भाग पाडायची जुनी पद्धत). मालकांचा नवा लॅपटॉप, एनव्हीएमई (पट्टीसारखी, वेगवान) एसएसडी आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू. लेबल-डिझाइनचं मशीन, ज्यात कोरलड्रॉ आणि युनिकोडच्या आधीच्या काळातले मराठी फाँट. आणि चौथं अकाउंट्सचं.

अकाउंट्सच्या मशीनला हात लावायच्या आधी टॅलीचा डेटा फोल्डर दोन वेगळ्या जागी साधा कॉपी करून घ्या. इमेजवर भिस्त ठेवून नव्हे, त्याशिवाय. चाचणी फसू शकते, म्हणूनच तर ती चाचणी.

याशिवाय एक बळीचा बकरा लागतो: रिकामी, वेगळी एसएसडी. तिच्यावर हवं तितक्या वेळा इमेज टाकून बघायची. ती चारही मशीनमधल्या सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी किंवा थोडी मोठी घ्या. माझ्या ४८० जीबीच्या किश्श्यानंतर हे वेगळं सांगायला नको. एनव्हीएमईच्या लॅपटॉपसाठी तसलीच एम डॉट टू पट्टी लागते, साटाची (जुन्या जोडणीची) चालत नाही. नवीन डिस्कचा खर्च मालकांच्या गळी उतरत नसेल तर मार्चमध्ये एक दिवस ऑफिस बंद राहिलं तर काय जातं, तो हिशेब त्यांनाच करायला सांगा.

वेळही बघून निवडा. मार्च आणि दिवाळीच्या आधीचे दिवस वर्ज्य. आमच्याकडं संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, त्या दोन-तीन दिवसांत ऑफिस ओस पडतं. माझी तालीम त्याच दिवसांत होते. मे महिन्यात करायचीच असेल तर सकाळी लवकर करा. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एसी नसलेल्या खोलीत तासभर लिहीत बसलेली एक्स्टर्नल डिस्क हाताला चटका देते.

सॉफ्टवेअर दोनच घ्या

अजूनही आपल्याकडं लोक "घोस्ट मारून ठेव" म्हणतात. नॉर्टन घोस्ट हे इमेज काढायचं जुनं सॉफ्टवेअर ज्या कंपनीकडं होतं तिनं घरगुती आवृत्ती २०१३ मध्येच बंद केली. मॅक्रियम रिफ्लेक्टच्या फुकट आवृत्तीचं तेच झालं, तिला १ जानेवारी २०२४ नंतर सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत. तरी जुन्या व्हिडिओत तिचीच शिफारस असते आणि कुठल्यातरी भलत्या साइटवरून लोक ती उतरवून घेतात. जे सॉफ्टवेअर अख्खी डिस्क वाचतं आणि पुसतं, ते मूळ जागेवरूनच घ्यायचं आणि साइटवर दिलेला चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघायचा.

आज मी तपासतो ती दोन. पहिलं क्लोनझिला. तैवानच्या सरकारी संगणक केंद्रात तयार झालेलं, मोफत, मुक्तस्रोत. पेनड्राइव्हवरून बूट होतं, म्हणजे विंडोज बंद असताना काम करतं. डिस्कवरचा भरलेला भागच वाचतं, त्यामुळं ५०० जीबीची डिस्क असली तरी इमेज भरलेल्या मालाएवढी किंवा त्याहून लहान होते. उणीव अशी की दर वेळी पूर्ण इमेज काढावी लागते, फक्त बदललेलं उचलायची सोय त्यात नाही. पडदा निळा-करडा आणि माउसशिवाय, त्याची अनेकांना भीती वाटते. अशांनी रेस्क्यूझिला बघावं. ते माउसवर चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेज वाचतं.

दुसरं, विंडोजच्या आत राहून काम करणारं एखादं, उदाहरणार्थ वीम एजंटची फुकट आवृत्ती. हे चालू मशीनची इमेज घेतं, वेळापत्रकावर घेतं आणि दुसऱ्या दिवसापासून फक्त बदल उचलतं. मात्र त्याचा रिकव्हरी पेनड्राइव्ह आधीच बनवून ठेवावा लागतो, कारण मशीन मेल्यावर तो त्याच मशीनवर बनवता येत नाही. हसू नका, मी हे झालेलं पाहिलंय.

लॅबवाल्यांनी तिसरं बघावं: फॉग. लिनक्सवर त्याचा सर्व्हर उभा करायचा आणि नेटवर्कवरून बूट करून एकदम अनेक मशीनवर इमेज टाकायची. दहाच्या आतल्या मशीनसाठी ते उभं करायची मेहनत परवडत नाही, असं माझं मत.

इमेज काढायच्या आधीचा खटाटोप

चाचणी फसते ती बहुतेक इथंच.

डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो मोफत आहे. त्यात पिवळा किंवा लाल रंग दिसला तर आधी डेटा वाचवायचा, मग चाचणी. विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून एरर तपासणी एकदा चालवून घ्या.

फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की शट डाउन म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशी डिस्क क्लोनझिला वाचायला नाकारतं. घाईत असाल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, तेवढ्यापुरतं काम भागतं.

बिटलॉकर बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्यानं सेटअप करताना मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं आत गेलात की एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू होतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. कुलूपबंद डिस्कवर भरलेला भाग कुठला आणि रिकामा कुठला, हे क्लोनझिलाला कळत नाही. मग ते पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळं उचलतं आणि ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज जवळपास तेवढीच होऊ शकते. अशा लॅपटॉपला विंडोजच्या आतलं सॉफ्टवेअर बरं. पण तेव्हा इमेजमधला माल उघडा असतो, म्हणून इमेजला पासवर्ड द्या. काहीही करा, ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये जरा हात लावला तरी मशीन ती मागू शकतं.

पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर लॅपटॉपची एसएसडी दिसतच नाही, असाही प्रकार होतो. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बायोसमधली आरएसटी किंवा व्हीएमडी सेटिंग त्याला कारण असते. ती बदलली की एसएसडी दिसते आणि विंडोज बूट व्हायचं बंद होतं! बदलायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

आता माझ्या ४८० जीबीच्या दुखण्याचं औषध. पुढं लहान डिस्क बसवावी लागेल अशी शक्यता असेल तर इमेज काढायच्या आधीच विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून सी पार्टिशन आखडून घ्या. क्लोनझिलाच्या एक्स्पर्ट मोडमध्ये डिस्कच्या मापाची तपासणी वगळायची सोय आहे, पण पार्टिशन आधी आखडलेलं नसेल तर तिचा उपयोग नाही.

इमेज काढणं

हा भाग खरं तर सगळ्यात सोपा. क्लोनझिलात डिव्हाइस-इमेज निवडायचं, इमेज ठेवायची जागा दाखवायची, बिगिनर मोड, सेव्हडिस्क, मूळ डिस्क निवडायची, आणि शेवटी काढलेली इमेज तपासायची का असं विचारलं की हो म्हणायचं. दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

इमेजच्या नावात मशीनचा नंबर आणि तारीख हवीच. "न्यू", "फायनल", "फायनल२" ही नावं सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाहीत.

वेग कुठं अडतो ते बघून ठेवा. समजा इमेज ५२ जीबीची आहे. जुन्या १०० एमबीपीएस स्विचवरून ती न्यायला सव्वा तासाच्या पुढं जातो, गिगाबिटवर तोच ऐवज दहा मिनिटांच्या आसपास. जुन्या यूएसबी पोर्टाला सेकंदाला ३०-४० एमबीच्या वर जमत नाही. सॉफ्टवेअरला शिव्या घालायच्या आधी केबल निळ्या पोर्टात आहे का बघा. आणि मशीन यूपीएसवर हवं. यूपीएसची बॅटरी खरंच चालते का, तेही त्याच दिवशी कळेल.

परत टाकणं: खरी चाचणी

इथं घाई नको. मूळ डिस्क स्क्रूड्रायव्हरनं काढून बाजूला ठेवा. नुसती केबल ओढून आत तशीच लोंबकळत ठेवू नका. मी दोन चिठ्ठ्या करतो, एकीवर "मूळ" आणि दुसरीवर "बकरा", आणि डिस्कवर चिकटवतो. कारण रिस्टोअरडिस्क निवडल्यावर पडद्यावर एसडीए, एसडीबी अशी एकसारखी नावं येतात. त्यांच्यावर विसंबायचं नाही, शेजारी दिलेलं मॉडेल आणि माप वाचायचं. वाय दाबायच्या आधी ते मोठ्यानं वाचा, शेजारी कुणी नसलं तरी. चुकीच्या डिस्कवर इमेज पडली की ती डिस्क गेली म्हणून समजा.

मूळ आणि बकरा दोन्ही जोडून विंडोज चालू करू नका. दोन्हींची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असल्यानं विंडोज गोंधळतं आणि एक डिस्क ऑफलाइन करून ठेवतं.

बूट झालं, डेस्कटॉप दिसला, आता टाळ्या वाजवायच्या? नाही. ज्या बाईंचं मशीन आहे त्यांना बसवा. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी एक बिल केलं, प्रिंट काढली, जीएसटी पोर्टलवर लॉगिन केलं, डिजिटल सहीचा टोकन लावून बघितला, शेअर केलेलं फोल्डर उघडलं. डिझाइनच्या मशीनवर जुनी मराठी फाइल उघडून एक ओळ टाइप केली, जोडाक्षरं नीट उमटली का ते बघितलं. विंडोज ॲक्टिव्हेट आहे का, टॅली लायसन्स मागतंय का, हेही बघायचं. डिस्क बदलली आणि मशीन तेच राहिलं तर सहसा त्रास होत नाही. इमेज दुसऱ्याच मशीनवर टाकली तर विंडोजचं लायसन्स सहसा मदरबोर्डाशी बांधलेलं असतं आणि टॅलीचंही नव्यानं चालू करावं लागतं. एकदा तेही करून बघा, कारण कधी डिस्क जाते तसं कधी मदरबोर्डही जातो.

माझ्या वहीतलं अकाउंट्सच्या मशीनचं पान असं आहे:

"मशीन ३. भरलेलं ८६ जीबी, इमेज ५२ जीबी. काढायला २७ मि., तपासायला ११ मि. डिस्क खोलून बदलायला १४ मि. (एक स्क्रू हरवला). परत टाकायला १९ मि. पहिलं बूट ठीक. प्रिंटर ऑफलाइन, रीस्टार्टनंतर चालू. टोकन ठीक. टॅली ठीक. घड्याळ ठीक. मॅडम 'हो' म्हणाल्या १२.४० ला."

स्क्रू हरवल्याचंही लिहायचं. खऱ्या दिवशी पण तो हरवणारच.

लॅबवाल्यांसाठी थोडं वेगळं

एका मशीनची इमेज तीस मशीनवर टाकायची असेल तर इमेज काढायच्या आधी सिसप्रेप (विंडोजमधलंच साधन) चालवून जनरलाइझ करणं, म्हणजे मशीनची स्वतःची ओळख पुसणं, सोडू नका. प्रत्येक विंडोजला सिड नावाची स्वतःची ओळख असते. नुसतं क्लोन केलं की तीसही मशीन एकाच ओळखीची होतात. "काही होत नाही" असं म्हणत वर्षानुवर्षं लोकांनी तसंच चालवलं. पण २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत सारख्या सिडची मशीनं एकमेकांना ओळख द्यायला नकार देतात. शेअर फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप लागत नाही, पासवर्ड बरोबर असूनही चूक म्हणून दाखवतो. म्हणून लॅबच्या चाचणीत दोन मशीन क्लोन करा आणि एकावरून दुसऱ्याचं फोल्डर उघडून बघा. एकाच मशीनवर केलेल्या चाचणीत हा घोळ कधीच सापडणार नाही.

मुद्दाम बिघडवा

दोन प्रयोग. इमेजची एक कॉपी करा, तिच्यातली एक फाइल पुसून टाका, मग सॉफ्टवेअरला ती इमेज तपासायला सांगा. गप्प बसून ठीक आहे म्हणालं तर त्याला तिथूनच नमस्कार. दुसरा: बकऱ्यावर इमेज टाकत असताना अर्ध्यात वीज घालवा. पुन्हा पहिल्यापासून टाकल्यावर सुरळीत उभं राहतं का? राहायला हवं. हे फक्त बकऱ्यावर करायचं, आणि मशीनमध्ये दुसरी कुठली डिस्क नाही याची खात्री करून.

आणि तुम्ही बाहेर जा

आता ती तिसरी ओळ. मी एका पानावर पायऱ्या लिहिल्या, डिस्पॅचच्या पोराच्या हातात दिल्या आणि म्हटलं, मशीन ३ उभं कर, मी चहाला जातो. पहिल्या दहा मिनिटांत त्याचा फोन. बूट मेन्यू येत नव्हता. मी एफ१२ लिहिलं होतं, ते डेल आणि लेनोव्होला ठीक. त्याच्यासमोरचं होतं एचपी, त्याला एफ९ लागतं. सांगितलं. मग बराच वेळ फोन नाही, म्हणून मी खुशीत परत आलो. बघतो तर हा खुर्चीत हात बांधून बसलेला.

"काय झालं?"

"सर, अजून शोधतंय की ओ."

एक्स्टर्नल डिस्क जोडल्यावर क्लोनझिला जोडलेल्या डिस्कची यादी दाखवत राहतं, दर काही सेकंदांनी तीच यादी पुन्हा. आपली डिस्क दिसली की कंट्रोल-सी दाबून पुढं जायचं असतं. पडद्यावर तसं लिहिलेलंही असतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. माझा हात ते इतक्या सवयीनं दाबतो की पायऱ्यांत लिहायचंच राहिलं. मी गावात नसतो तर पोरगं संध्याकाळपर्यंत तसंच बसलं असतं, आणि इमेज, एसएसडी, सगळं हाताशी असून बिल निघालं नसतं.

पान नव्यानं लिहिलं, मराठीत, प्रत्येक पडद्याच्या फोटोसकट, बूटची की प्रत्येक मशीनच्या डब्यावरच चिकटवली. दुसऱ्या खेपेला त्यानं एक तास पाच मिनिटांत मशीन उभं केलं, एकही फोन न करता. माझ्या लेखी चाचणी पास झाली ती तेव्हा.

निकाल आणि पुढं

चारपैकी तीन मशीन क्लोनझिलावर गेली, दर तीन महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या अपडेटच्या आधी इमेज. लॅपटॉप विंडोजच्या आतल्या सॉफ्टवेअरवर. टॅलीचा डेटा रोज संध्याकाळी वेगळा, कारण तीन महिन्यांपूर्वीची इमेज मशीन परत देते, कालची बिलं देत नाही. इमेजची डिस्क काम झालं की काढून कपाटात. जोडलेली राहिली आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलं तर तीही गेली. तिची दुसरी प्रत मालकांच्या घरी.

डिस्पॅचचं जुनं मशीन चाचणीत पास झालं, पण ते अजून विंडोज १० वर आहे, आणि त्याला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. इमेज काढून ठेवलीय ती ते बदलेपर्यंतच्या सोयीसाठी.

शेवटची पायरी सगळे विसरतात, मीही एकदा विसरलो होतो. बळीच्या बकऱ्यावर आता तुमच्या अकाउंट्सची अख्खी प्रत आहे, पासवर्डसकट. तीच एसएसडी उद्या कुणीतरी दुसऱ्या मशीनला बसवेल नाहीतर घरी नेईल. डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधून सिक्युअर इरेज करा, "मूळ" आणि "बकरा" या चिठ्ठ्या खरवडून काढा आणि वहीत तारीख टाका. पाचव्या मशीनचा नंबर पुढच्या शनिवारी.